एक बोट उणी बाटली

खुळ्ळ.

भर दुपारच्या त्या गप्प घरात एवढाच आवाज झाला. दोऱ्याचं रीळ शोधत दुर्गाचा हात कोनाड्यात शिरला, त्या धक्क्यानं मी आडवी झाले आणि माझ्या पोटातले तीन खिळे, दोन बटणं आणि एक तुटकी सुई एकदम खुळखुळली. भिंतीकडे तोंड करून निजलेल्या तिच्या सासूनं, धनवंताबाईनं, कूस काही बदलली नाही. विचारलं मात्र, "काय पाडलं वो?"

"काई नाई, आई. जुनी बाटली हाये."

मित्रांनो, ती जुनी बाटली म्हणजे मी.

मी औषधाची बाटली. तपकिरी काचेची, खांद्यात गोल, मानेला आखूड. माझ्या बुडाला काचेतच उठवलेला एक आकडा आहे: १००, आणि त्याच्या शेजारी एमएल. कारखान्यात साच्यातून बाहेर पडले तेव्हाच ही खूण माझ्या अंगावर आली. पण पुढची वीस-बावीस वर्षं तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. बूड कोण बघतं? सगळ्यांचं लक्ष झाकणाकडे.

माझ्या पोटात आधी लालसर, गोड, खोकल्याचं औषध होतं. अर्जुनी मोरगावच्या दवाखान्यातून मी या घरी आले ती फुलवंतासाठी. फुलवंता ही धनवंताबाईची मुलगी. तेव्हा पाच-सहा वर्षांची, खोकून खोकून डोळे लाल झालेली. तिचा खोकला गेला आणि मी रिकामी झाले. माझ्याबरोबरच्या कितीतरी बाटल्या उकिरड्यावर गेल्या असतील. धनवंताबाईनं मात्र मला राखेनं घासलं, गरम पाण्यानं विसळलं, दोन दिवस उन्हात पालथं घातलं आणि माझ्यात तेल भरलं. टोरीचं तेल.

मोहाच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात. घरातले म्हातारबा, धनवंताबाईचे नवरे पतिराम, जंगलातून वेचून आणलेली टोरी वाळवून, कुटून, वाफवून तिचं तेल काढतात. पिवळं, दाट, जरा उग्र वासाचं. उन्हाळ्यात पाण्यासारखं वाहतं, आणि थंडी पडली की तुपासारखं गोठून बसतं. बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. ही गोठण्याची गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. याच गोठण्यानं एकदा घात केला होता.

आमच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, एक रीत आहे. मुलीला बाळ झालं की तिची आई आपल्या घरचं तेल घेऊन तिच्याकडे जाते आणि बाळाच्या अंगाला पहिला हात तिचा लागतो. ते तेल भांड्याच्या काठापर्यंत भरलेलं पोचायला हवं. वाटेत ते भुईवर टेकवायचं नाही. "लेकराचं तेल हाये, गोदीतून गोदीत जाते," असं धनवंताबाई सांगायची. गोदी म्हणजे मांडी. आणि ज्या घरी तेल गेलं, त्या घरातून भांडं रिकामं परत येत नाही. कोणी त्यात तांदूळ भरून देतं, कोणी जवस, कोणी मूठभर लाखोळीची डाळ.

माझं झाकण घट्ट, मान आखूड, म्हणून टोल्यावरच्या कितीतरी आया मला मागून न्यायच्या. बैलगाडीत, एसटीत, सायकलच्या दांडीवर बसलेल्या बाईच्या मांडीत, मी अशी कुठं कुठं गेले. किती टाळवांवर माझं तेल जिरलं याची गणती नाही. त्या दिवसांत मला कोनाडा नव्हता. मला मधली फळी होती, आरशाशेजारी.

मग दुकानात हसऱ्या बाळाचं चित्र असलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. माझं झाकण कोणाच्या तरी घरी हरवलं. एक दिवस धनवंताबाईचा मुलगा रूपेश याला खिळे ठेवायला काहीतरी हवं होतं. झालं. मधल्या फळीवरून मी कोनाड्यात गेले आणि धूळ खात बसले.

पण कोनाड्यातूनही सगळं ऐकू येतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. फुलवंताचं लग्न देवेंद्रशी झालं होतं. तो शारजाला वेल्डिंगचं काम करतो, म्हणून तीही तिकडेच राहायला गेली. पहिली मुलगी झाली तेव्हा धनवंताबाई रूपेशला घेऊन विमानानं निघाली. डिसेंबरचा महिना, कडाक्याची थंडी. तेल स्टीलच्या मोठ्या डब्यात भरलेलं, काठोकाठ, अन् डबा मांडीवर. सामानाची मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, तेल तिच्यात टाकलं असतं तर कोणी अडवलं नसतं. पण लेकराचं तेल गठ्ठ्यात कोण टाकणार?

नागपूरच्या विमानतळावर तपासणीला डबा उघडायला लावला. पातळ वस्तू शंभर एमएलपेक्षा मोठ्या भांड्यात हातातल्या सामानातून नेता येत नाही, असं सांगितलं. रूपेश हुशार. तो म्हणाला, "साहेब, ये पतला किधर है? जमा हुआ है!" आणि खरं करून दाखवायला त्यानं सगळ्यांसमोर डबा पालथा धरला. तेल गोठलेलं होतं, पडलं नाही. रूपेशला वाटलं, जिंकलो. तपासणीवाला हसला आणि म्हणाला, "जमा हुआ भी नहीं चलता, भैया. पेस्ट, क्रीम, घी, सब उसी में आता है."

पोचवायला आलेले पतिराम तोवर बसनं परत निघाले होते. तेल कोणाच्या हाती द्यावं असं कोणी उरलं नव्हतं. डबा तिथंच राहिला. फुलवंताच्या पहिल्या मुलीच्या अंगाला दुकानातलं तेल लागलं. धनवंताबाई महिनाभर राहिली, परत आली आणि एवढंच म्हणाली, "पाहुणी होऊन गेली, पाहुणी होऊन आली."

आता फुलवंताला मुलगा झाला होता. त्या दुपारी, मी खुळखुळण्याच्या थोडं आधीच, तिचा फोन आला होता.

"आई, बारा दिवस झाले. लेकराले कोमट पाण्यानं पुसून ठेवतो. तेलाचा थेंब नाई लावला. तू येशीन, तवाच लावीन."

"मी नाई येत."

"काऊन वो, आई? तिकिटं पाठवली त्यायनं. वहिनी हाये, खुशबू हाये संगं..."

"रिकाम्या हातानं एकदा आली. आता मरेपर्यंत नाई." आणि फोन दुर्गाच्या हातात देऊन धनवंताबाई भिंतीकडे वळली.

दुर्गा या घरची सून. गोरी नाही, उंच नाही, फार बोलत नाही. पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तिचा खालचा ओठ दाताखाली जातो. रूपेश वनमजूर आहे. वणवा पसरू नये म्हणून जंगलात जाळरेषा काढण्याचं काम सुरू झालं होतं, त्याला सुट्टी नव्हती. म्हणून या वेळी सासूला घेऊन दुर्गाच जाणार होती. सोबत सहा वर्षांची खुशबू. दुर्गानं आजवर विमान पाहिलं होतं ते शेतातून मान वर करून.

मला सरळ उभं करायचं म्हणून तिनं उचललं, खिळे हातावर ओतले आणि सहज पालथं धरलं. उन्हाची तिरीप माझ्या बुडावर पडली.

दुर्गा थांबली. ओठ दाताखाली गेला.

"आई," ती हळूच म्हणाली, "शंभर हाये."

"काय शंभर?"

"बाटली. बुडाले लिवलेलं हाये. शंभर एमएल."

धनवंताबाई उठून बसली. मित्रांनो, बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं बूड वाचलं होतं.

मला वाटलं, आता मिरवणूकच निघणार. पण मध्ये एक अडथळा होता, गुलाबी रंगाचा.

रूपेशनं मोबाईलवरून प्रवासी बाटल्यांचा एक संच मागवला होता. मऊ रबरासारख्या चार छोट्या बाटल्या. गुलाबी, हिरवी, निळी, पांढरी. दाबल्या की गुबकन बसायच्या, सोडल्या की फुगायच्या. खुशबू तर दिवसभर त्यांची चोच दाबून वारा खात होती. संध्याकाळी रूपेश घरी आला आणि मला पाहून म्हणाला, "हे भंगार नेतेस का तू विमानात? लोकं हसतीन."

"हसू दे. या गुलाबीवर कुठं लिवलं हाये का, किती एमएलची हाये ते?"

रूपेशनं गुलाबी फिरवून फिरवून पाहिली. कुठंच काही लिहिलेलं नव्हतं. "असंन शंभराचीच," तो म्हणाला.

"असंन म्हणून एकदा डबा गेला," दुर्गा म्हणाली. "आता असंन नाई पाहिजे, हाये पाहिजे."

पतिराम कोपऱ्यात बसून हसले. "तुमच्या गोष्टीत काई अर्थ नाई गा, रूपेश. दोघी जणींची परीक्षा घ्या."

आणि खरंच परीक्षा झाली. मला पुन्हा राखेनं घासलं, गरम पाण्यानं विसळलं. झाकण नव्हतं, ते गावात औषधं देणाऱ्या आशाताई सुशिलाबाईंनी दिलं, औषधाच्या दुसऱ्या बाटलीचं, माझ्या मानेला अगदी बसणारं. दुर्गानं तोंडावर आधी प्लास्टिकचा कागद ताणून घेतला आणि त्यावरून झाकण आवळलं. मग माझ्यात आणि गुलाबीत सारखं कोमट तेल भरून आम्हा दोघींना जुन्या वर्तमानपत्रावर आडवं झोपवलं. एक दिवस सावलीत, एक दिवस उन्हात. खुशबू दर तासाला येऊन कागद निरखायची आणि ओरडायची, "मम्मी, अजून कोणीच नाई मुतली!"

दुसऱ्या दिवशी दुपारी गुलाबीखाली तळहाताएवढा डाग पडला. पण खोटं कशाला बोलू, माझ्याखालीही पडला. रुपयाएवढा.

दुर्गाचं तोंड उतरलं. दोष माझा नव्हता, धनवंताबाईच्या रीतीचा होता. तिनं मला काठोकाठ भरलं होतं. थंडीत तेल गोठलं, आवळलं, वर बोटभर जागा रिकामी दिसली, की ही पुन्हा वरून ओतायची. "उणी बाटली लेकराच्या दारात नाई नेत!" मग ऊन लागलं की तेल फुगायचं आणि झाकणाशी भांडायचं. पहिल्यांदा भांडलं. दुर्गानं बोटभर काढून ठेवलं. सकाळी पाहते तर मी पुन्हा काठोकाठ.

"आई! पुन्हा भरली का तुमी?"

"दिसत नाई का, कमी झालं होतं थे."

 दुर्गानं सासूचा हात धरला, तिला अंगणात नेऊन बसवलं आणि मला दोघींच्या मधोमध, उन्हात, उलट्या सुपावर ठेवलं. यावेळी तिनं मला एक बोट उणं केलं होतं. गोठलेलं तेल कुठवर आहे ते दाखवायला तिनं माझ्या अंगावर खुशबूच्या मेणखडूनं रेघ मारली.

"आता पाहा फक्त," ती म्हणाली.

तेवढ्या वेळात दोघींनी मिळून शेरभर तांदूळ निवडले. ऊन चढलं. माझ्या पोटात तेल आधी कडेनं सुटलं, मग मधला गोळा हलला, मग सगळं सोन्यासारखं पारदर्शक झालं. आणि वर चढायला लागलं. मेणखडूची रेघ बुडाली. तेल माझ्या खांद्यावर आलं, मानेत आलं, अगदी काठाशी येऊन थांबलं. सूप कोरडंच.

धनवंताबाई वाकून पाहत राहिली.

"अथी थंडी हाये, म्हणून एक बोट उणी दिसते," दुर्गा म्हणाली. "तथी फुलाताईच्या घरी गरमी हाये. पोचली का भरते. आई, तुमची बाटली लेकराच्या दारात काठोकाठच जाईन. फक्त रस्त्यात तिले श्वास घ्यायले जागा ठेवा."

 धनवंताबाईनं वाटीत काढून ठेवलेलं उरलेलं बोटभर तेल घेतलं, खुशबूला ओढून मांडीत बसवलं आणि तिच्या टाळूवर थापलं.

"हे बी लेकरूच हाये," ती म्हणाली. "वाया नाई गेलं." आणि सुनेकडे न बघता, "बॅग भर वो. कवा निघाचं हाये?"

मित्रांनो, विमानाची बॅग भरणं सोपं नाही. फुलवंता फोनवरून सांगत होती आणि दुर्गा खुशबूच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत होती. दातांच्या पेस्टची घरातली ट्यूब निम्मी संपली होती, म्हणून रूपेश म्हणाला, चालेल. दुर्गानं मान हलवली. "आत किती उरलं ते नाई पाहात. ट्यूब केवढी हाये ते पाहातात." तिनं छोटी ट्यूब आणली. धनवंताबाईचं मंजन कोरडं, त्याला कोणी विचारत नाही. आणि शाम्पूचं तर आम्हाला हसूच आलं. शहरातले लोक म्हणे प्रवासासाठी मुद्दाम छोट्या बाटल्या शोधतात. आमच्या टोल्यावरच्या दुकानात शाम्पू पुड्यांतच येतो, माळेनं टांगलेला. दुर्गानं सहा पुड्यांची माळ फाडून घेतली. गुलाबीत खोबरेल भरायचं म्हणाली खुशबू, पण गुलाबीला मोठ्या बॅगेत जागा मिळाली, दोन पिशव्यांच्या आत, हात धुवायचा साबण पोटात घेऊन. तिनं तो नीट नेला. मी तिच्यावर रागावलेली नाही. जिचं तिचं काम वेगळं असतं.

हातातल्या सामानासाठी एक पारदर्शक, चेनवाली पिशवी. तिच्यात ट्यूब, पुड्या, खुशबूचं मलम आणि मधोमध मी.

पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. पिशवी धनवंताबाईच्या मांडीवर. कोहमाऱ्याला गाडी थांबली, ढाब्यावर चहा आला, तरी तिनं मला टेबलावर ठेवलं नाही. एका हातानं बशी, एका हातानं मी. ढाबेवाला म्हणाला, "काय आजी, सोनं हाये का त्यात?"

"सोनं कोनीबी नेते रे बापू," धनवंताबाई म्हणाली. "हे टोरी हाये."

नागपूरच्या विमानतळावर रांगेत उभं राहिल्यावर मात्र धनवंताबाईनं मला पदराखाली घेतलं. ती खेटराकडे पाहत होती, छताकडे पाहत होती, पण पुढं पाहत नव्हती. पुढं काळ्या पट्ट्यावर राखाडी ट्रे सरकत होते. मोबाईल, पट्टे, घड्याळं त्यांत बसून एका खोक्यात शिरत होती.

"पिशवी ट्रेमध्ये ठेवा," कोणीतरी सांगितलं.

धनवंताबाईनं मला छातीशी धरलं. "दुर्गा, हे खाली ठेवाले सांगून राहिले वो."

मागे रांग. पुढे गणवेश. दुर्गा नव्या सुनेसारखी गडबडली असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण तिनं खांद्यावरची झोळी उघडली आणि आतून एक जुनं, धुवून धुवून मऊ झालेलं पिवळं कापड काढलं. खुशबूचं दुपटं. जन्मल्यावर तिला पहिल्यांदा ज्यात गुंडाळलं होतं, ते. तिनं ते ट्रेमध्ये पसरलं, चारी कडा नीट करून.

"हे भुई नाई, आई. लेकराची गोदी हाये. गोदीतून गोदीत जाते ना? जाऊ द्या."

धनवंताबाईनं दुपट्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि मला हळूच त्यात निजवलं.

मी अंधारातून गेले आणि पलीकडे उजेडात आले. तिथं एक पोलीसताई उभी होती. तिनं पिशवी उचलली. "ये किसका है?"

"हमारा, मॅडम," दुर्गा म्हणाली. आणि एक पाऊल पुढं आली.

"इसमें क्या है?"

"टोरी का तेल. मेरी ननद का बच्चा हुआ है, उसको लगाने का."

पोलीसताईनं मला उजेडाकडे धरलं, तिरपं केलं. तेल हललं नाही. तिच्या कपाळावर आठी पडली. "जमा हुआ है?"

मित्रांनो, तीन वर्षांपूर्वी याच प्रश्नावर एक डबा गेला होता. 

"जम गया तो भी तेल ही है, मॅडम," दुर्गा म्हणाली. "हम लोग तेल ही गिने हैं. बाटली सौ एमएल की है. नीचे देखो."

नीचे देखो! जन्मभर मी या दोन शब्दांची वाट पाहत होते.

पोलीसताईनं मला पालथं केलं. दिव्याखाली माझं बूड धरलं. कारखान्याच्या आगीतून घेऊन आलेला तो आकडा, राखेनं घासून घासून लख्ख झालेला, तिनं बोट फिरवून वाचला. एक, शून्य, शून्य.

"ठीक है," ती म्हणाली. मला पिशवीत ठेवलं, चेन लावली आणि दुपट्याची घडी करून वर ठेवली. "जाइए, दादी."

धनवंताबाईनं मला उचललं.  चार पावलं चालल्यावर तिनं तिथल्या चकचकीत खुर्च्यांच्या रांगेतच खुशबूला म्हटलं, "तुझ्या बापाले फोन लाव. त्याले सांग, डबा उलटा कराचा नसते. बाटली उलटी कराची असते."

विमान वर चढलं तेव्हा माझ्या आत उरलेली हवा फुगली, प्लास्टिकचा कागद ताणला गेला, झाकणानं मला घट्ट धरून ठेवलं. एक थेंबही बाहेर आला नाही. तेवढ्यासाठीच तर एक बोट जागा सोडली होती. खिडकीतून खुशबू ढग मोजत होती. धनवंताबाईनं सगळा वेळ डोळे मिटून मला मांडीत धरलं होतं. दुर्गाला वाटलं, ती घाबरली आहे. मला माहीत आहे, ती घाबरली नव्हती. ती मिरवत होती.

शारजाला फुलवंताचं घर नवव्या मजल्यावर. दार उघडलं आणि मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, पण मध्ये मी होते, म्हणून एका बाजूनंच. सकाळी धनवंताबाईनं मला खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात धरलं. हातातच. तेल सुटलं, सोनेरी झालं, चढत चढत मेणखडूच्या रेघेच्या वर गेलं, मानेत आलं आणि काठाशी येऊन थांबलं.

"दुर्गा," धनवंताबाई म्हणाली, "भरली."

"मी सांगितलं होतं, आई."

"होव. तू सांगितलं होतं." आणि मित्रांनो, त्या सासूनं त्या सुनेच्या डोक्यावरून, सगळ्यांच्या देखत, तेलाचाच हात फिरवला.

मग बाळ आलं. पाय पसरून बसलेल्या आजीच्या नडग्यांवर, उघडं, मुठी आवळलेलं. पहिला हात तिचाच. टाळूवर तेल पडताच त्यानं रडणं थांबवलं आणि टोरीच्या त्या उग्र वासात खोल श्वास घेतला. नवव्या मजल्यावर मोहाचं जंगल दरवळलं. बाळाचं झालं तशी धनवंताबाईनं दारामागून पाहणाऱ्या त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला बोटानं बोलावलं.

"ये वो, थोरले. तुझं तीन वर्षांचं राहिलं हाये."

तिलाही अंगभर तेल लागलं. फुलवंता भिंतीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. देवेंद्र कामाला जायचं विसरून दारात उभा होता.

मित्रांनो, मी लहान वस्तू. मोठे बोल मला शोभत नाहीत. पण घरातलं जुनं काही फेकायच्या आधी एकदा ते हातात घ्या. नीट धुवा. उलटं करून पाहा. तुमच्या घराला नेमकं जे लागणार आहे, ते कदाचित त्याच्या बुडाशी लिहिलेलं असेल, आणि ते वाचायला कोणीतरी कोनाड्यात हात घालावा लागतो.

महिना सरत आला तसं माझं तेलही सरलं. परवा आम्हाला निघायचं आहे. आता मी खिडकीच्या कट्ट्यावर उभी आहे, स्वच्छ, कोरडी. खिळे नाहीत, बटणं नाहीत. सकाळपासून धनवंताबाई एकच गोष्ट बोलते आहे. "रिकामी नाई न्यायची. रीत हाये. तेलाचं भांडं मुलीच्या घरून काईतरी घेऊनच येते."

दुर्गानं सगळं घर पालथं घातलं. खजूर माझ्या मानेतून जाईना. तांदूळ दुकानातले, प्लास्टिकच्या पिशवीतले. धनवंताबाईनं नाक मुरडलं. जवस इथं कुठं शोधायचं? फुलवंता म्हणाली, "आई, इथं माझ्याजवळ भरून देण्यासारखं काई उगवतच नाई वो," आणि बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. दुर्गा मला हातात घेऊन तशीच उभी राहिली. झाकण दुसऱ्या हातात.

पलंगावर खुशबू बाळाशेजारी पालथी पडली होती. तिचं नाक त्याच्या टाळूवर, तेल अजून ओलं होतं तिथं. तिनं डोळे मिटून एक मोठा श्वास आत ओढला. मग एकदम उठून बसली.

"मम्मी, आपण हे भरून नेऊ ना! बाळाचा वास!"

फुलवंतानं वर पाहिलं. धनवंताबाईचे हात थांबले.

खुशबूनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या बुडाकडे पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं,

"पण मम्मी, हा वास किती एमएल असते?"